दोन झाऱ्या पाणी

आप्पांना घेऊन निघाले, असा ताईचा फोन आला तेव्हा वहिनीने गॅस बंद केला, हात पुसले आणि मागचं दार उघडून ती परसात गेली. सकाळपासून ती अशी कितीदा तरी जाऊन आली होती. दर वेळी तिला वाटायचं, मघाशी आपण घाईत बघितलं, आता नीट बघितलं तर तितकं वाईट दिसणार नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना 'आता नीट दिसतंय?' असं विचारणाऱ्या बाईने स्वतःच्याच डोळ्यांची अशी समजूत काढावी, याचं एरवी तिला हसू आलं असतं.

बाग गेली होती. टोमॅटो काठ्यांना बांधलेले होते म्हणून उभे होते, एवढंच. वांग्यांची पानं पिवळी पडून लोंबत होती आणि बुंधे जमिनीलगत काळे झाले होते. घेवड्याचा वेल जाळीवरच वाळला होता. पालक चिखलात आडवा पडला होता आणि कोथिंबिरीचा वाफा कुठे होता, हे तर दाखवून द्यावं लागलं असतं. मातीवर हिरवट बुळबुळीत थर धरला होता, त्यावर चिलटं घोंगावत होती. चंगळ होती ती फक्त पुदिन्याची. नळाजवळच्या कोपऱ्यातून निघून, विटांची वाट ओलांडून तो मिरच्यांच्या वाफ्यात शिरला होता आणि घरधनी नसताना पाहुण्याने पलंगावर पाय पसरावेत तसा ऐसपैस पसरला होता.

आप्पा याच परसाच्या पायरीवरून घसरले होते. खुब्याचं हाड, ऑपरेशन, मग गावाबाहेरच्या त्या केंद्रात राहून पुन्हा चालायला शिकणं, हे सगळं एव्हाना जुनं झालं होतं, आणि पडण्यावरून घरात कोण कोणाला काय बोललं तेही शिळं झालं होतं. आता प्रश्न होता तो आप्पांनी यापुढे राहायचं कुठे, हा. ताई, आप्पांची मुलगी, फिजिओथेरपिस्ट. तिच्या फ्लॅटला लिफ्ट होती, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून झाले होते. तिने केंद्रात सगळ्यांसमोर विषय काढला तेव्हा आप्पा म्हणाले होते, "आधी घरी जातो आणि बाग बघतो. बाग असेल तर तिथे मला काम आहे. नसेल, तर नुसतं बसायला तुझं घर बरं. लिफ्ट तरी आहे."

ताईला हे म्हणजे अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटलं. वहिनीला वाटलं, आपण पुरी जिंकली. कारण बाग तिच्याकडे होती.

तिला आप्पा घरात हवे होते. सासऱ्याची सेवा, लोक काय म्हणतील, यातलं काही त्यात नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून त्या घरात तिच्याशी रोज न चुकता बोलणारा माणूस तोच एक होता. बोलणं तरी काय, तर आज वांगी तोडू की उद्या, मिरचीचं पान का आखडलं, शेपू लावायचा का. पण ते बोलणं होतं. सासूबाई गेल्या, मुलगी शिकायला दूर गेली. नवरा शीतगृहात सुपरवायझर होता आणि दिवसभराच्या थंडीने त्याच्या जिभेवरही बर्फ धरला असावा. आप्पा गेले तर घरात उरणार होते तो आणि फ्रीज, आणि दोघांत फ्रीजचाच आवाज जास्त होता.

शिवाय ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची ती गोष्ट होती. आप्पांनी तिला जवळ बोलावून मनगट धरलं होतं आणि म्हटलं होतं, "बाग तुझ्याकडे. प्रत्येक वाफ्याला दोन झाऱ्या, रोज. माती बघू नकोस, पानं बघ. पानांनी मान टाकली की समज तहान लागली. आणि बाकीच्यांना बोलू नकोस, त्यांना वाईट वाटेल." सबंध आयुष्य पंपघरात काढून अख्ख्या शहराला पाणी सोडलेला तो माणूस. घरात नळाची चक्री कोणी जोरात पिळली तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. त्याने आपलं पाणी तिच्या हाती दिलं होतं. वहिनी त्या एका वाक्यावर इतके दिवस खुशीत होती. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवतानाही मधूनच तिला ते आठवायचं आणि बरं वाटायचं.

आणि तरीही बाग गेली. तिने दोनच झाऱ्या घातल्या होत्या, रोज सकाळी, न चुकता. पानं मान टाकायला लागली तेव्हा तिने आणखी अर्धी घातली. मग पानांनी आणखी मान टाकली.

"चहा," मागून तिचा नवरा, थोरला, म्हणाला. त्याने दोन कप आणले होते, म्हणजे त्यालाही धीर नव्हता.

"आप्पांना काय सांगायचं?" वहिनीने विचारलं.

"कीड लागली म्हणू."

"त्यांना कीड ओळखता येत नाही असं वाटतं तुम्हाला?"

थोरल्याने चहाचा घोट घेतला आणि टोमॅटोंकडे बघितलं. "मग ऊन," तो म्हणाला.

"यंदा ऊन कुठे होतं?"

तो तिथून हलला नाही, आणि याचं वहिनीला जरा नवल वाटलं. बागेत काय चाललंय याच्याशी त्याचा आजवर संबंध नव्हता. एरवी तो कप ठेवून पेपर घेऊन बसला असता. आज तो काळ्या पडलेल्या बुंध्यांकडे असा बघत होता, की जणू त्याच्या शीतगृहातला माल खराब निघाला आहे.

मागच्या गल्लीत गाडी थांबली. धाकटा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा, त्यामुळे त्याच्या गाडीच्या टपावर पाटी होती आणि बोलण्यात ब्रेक आणि क्लच. तो फाटक ढकलून आत आला तो दोन्ही हातांत प्लास्टिकच्या कुंड्या घेऊन.

"वहिनी, खुरपं कुठंय? गाडीत अजून आहेत. दादा, तू त्या आण. चटकन खोचून टाकू, वर ओली माती ओढली की झालं."

"काय आहे हे?"

"रोपं. नर्सरीतली. टोमॅटो चार, मिरच्या तीन, वांगं एकच मिळालं."

"भावजी, तुम्ही आप्पांना फसवणार?"

"फसवणार नाही गं, गिअर बदलतोय. ते आत्ताच कसेबसे चालायला लागलेत. पहिल्याच दिवशी असं स्मशान दाखवायचं का त्यांना?"

"आप्पा मिरचीचं नुसतं पान हातात धरून सांगतात कुठल्या बियाण्याची ते."

"चष्मा तूच बदलून दिलायस ना त्यांना? चुकीचा नंबर दिला असतास तर आज उपयोग झाला असता."

वहिनीला वाटलं, आता थोरला त्याला गप्प करेल. या दोघा भावांचं मागच्या वर्षापासून फारसं बरं नव्हतं. पण थोरल्याने कप पायरीवर ठेवला, बाह्या सरसावल्या आणि गाडीतल्या कुंड्या आणायला निघून गेला. दोघं भाऊ गुडघे टेकून चिखलात बसले. एक खड्डा करायचा, दुसरा रोप बसवायचा. लहानपणापासून इतक्या एकदिलाने त्यांनी काही केलं असेल असं तिला आठवत नव्हतं. ती दारात उभी राहून बघत राहिली. तिने मदत केली नाही आणि अडवलंही नाही.

"तुम्हाला दोघांना एवढं का लागलंय?" तिने न राहवून विचारलं. "बाग माझ्याकडे होती. बोलणी मी खाईन."

दोघांनीही आणखी घाईने माती ओढली. आणि पुढच्या दारात ताईच्या गाडीचा हॉर्न वाजला.

आप्पा वॉकर घेऊन आले. एक पाऊल, मग वॉकर, मग दुसरं पाऊल, आणि बाजूने ताई, हात न लावता पण लावायच्या तयारीत. "आधी वॉकर, आप्पा. मग दुखरा पाय. घाई नाही." ती बारीक झाली होती आणि तिच्या आवाजात जरा जास्तच उत्साह होता. आप्पांची कपड्यांची पिशवी तिने गाडीतून काढलेली नव्हती. ते वहिनीने पाहिलं, आणि वहिनीने पाहिलं हे ताईनेही पाहिलं.

"चहा घेता का आधी?" वहिनी म्हणाली.

"आधी बाग," आप्पा म्हणाले.

मागच्या दारात खुर्ची ठेवली. आप्पा तिच्यावर बसले, वॉकर बाजूला घेतला आणि बघू लागले. ते घाबरले नाहीत, रागावलेही नाहीत. पंपघरात मीटरचे काटे बघायचे तसे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी सगळे वाफे बघितले. मग म्हणाले, "तो टोमॅटो कोणी लावला?"

"कुठला?" धाकटा म्हणाला.

"त्याच्या गळ्यात नर्सरीची चिठ्ठी आहे तो."

ताईच्या ओठांवर हसू आलं, तिने ते गिळलं. थोरला आपल्या गुडघ्यांवरचा चिखल नखाने खरवडू लागला.

आप्पांनी वहिनीला हात केला. तिला कळलं. ती खाली उतरली, जवळच्या वाफ्यातून मूठभर माती उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. आप्पांनी ती चुरडायचा प्रयत्न केला, ती चुरली गेली नाही. नाकाशी नेली. मग मूठ दाबली तर बोटांच्या फटींतून पाणी आलं.

"किती घालत होतीस?"

"दोन झाऱ्या. शेवटी शेवटी अडीच."

"दोन झाऱ्यांनी हे होत नाही."

"मी दोनच घालत होते, आप्पा."

"वहिनी, अगं पण..." ताई मऊ आवाजात म्हणाली. हा तिचा पेशंटशी बोलायचा आवाज होता. "तू दुकान सांभाळणार, घर सांभाळणार. चुकून दोनदा घातलं असशील. कोणी तुला दोष देत नाहीये. पण आप्पांचंही असंच होणार ना? गोळ्या दोनदा दिल्या गेल्या तर? म्हणून म्हणते, माझ्याकडे असले की..."

"मी दोनदा घातलं नाही."

"ताई बरोबर बोलतेय," धाकटा म्हणाला. तो इतक्या चटकन म्हणाला की मघाशी चिखलात बसून वहिनीची अब्रू वाचवणारा माणूस तो हाच का, असा प्रश्न पडावा. "म्हणजे चूक कोणाचीच नाही. पण आता आप्पांना आरामच हवा."

वहिनीच्या बाजूने एकच माणूस उरला होता आणि त्याच्याकडून तिने बोलण्याची अपेक्षा कधीच सोडून दिली होती. म्हणून तो बोलला तेव्हा आधी तिला वाटलं, गल्लीतलं कोणीतरी बोललं.

"मी पण घालत होतो," थोरला म्हणाला.

"काय?"

"पाणी. संध्याकाळी. शिफ्ट सुटल्यावर, ही दुकानातून यायच्या आत." तो गुडघ्याकडे बघूनच बोलत होता. "दोन झाऱ्या. प्रत्येक वाफ्याला."

"अहो, पण का?"

"आप्पांनी सांगितलं होतं."

"कधी?" वहिनीने विचारलं.

"ऑपरेशनच्या आधी. मला एकट्याला बोलावलं होतं. बाग तुझ्याकडे म्हणाले." थोरल्याने एकदा आप्पांकडे बघितलं. "आणि बाकीच्यांना बोलू नकोस, त्यांना वाईट वाटेल म्हणाले. म्हणून बोललो नाही."

धाकटा मध्येच पुढे झाला. "थांबा," तो म्हणाला. "एक मिनिट थांबा. दुपारी पाणी मी घालत होतो."

"तू?"

"शिकाऊ पोरांना गल्लीत रिव्हर्स घ्यायला लावायचो आणि फाटकातून आत यायचो. रोज. वहिनीला जमणार नाही, दादाला आठवणार नाही, तुझ्यावरच भरवसा आहे असं म्हणाले मला." त्याने आप्पांकडे बघितलं, मग थोरल्याकडे. "पानांनी मान टाकली की समज..."

"तहान लागली," थोरला म्हणाला.

"हो."

ताईने खांद्यावरची पर्स काढून पायरीवर ठेवली. तिचा पेशंटशी बोलायचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "मलाही तेच सांगितलं होतं. पण मी पाणी नाही घातलं," ती म्हणाली. "म्हणजे थोडंच घातलं. खत घातल्यावर पाणी घालावंच लागतं. आठवड्यातून दोनदा येत होते. किल्ली आहे माझ्याकडे. दर खेपेला पानं आणखी मरगळलेली दिसायची, मग मी खत जरा वाढवलं."

"जरा?" आप्पा म्हणाले.

"मूठ मूठ."

एरवी कोणालाही हसू फुटलं असतं. चार शहाणी माणसं, चारही कामाची, दोन महिने एकमेकांना चुकवून एकाच बागेत चोरपावलांनी येतात आणि तिला प्रेमाने बुडवून मारतात. बाहेरच्या कोणाच्या घरात हे पहिल्या आठवड्यातच उघडकीला आलं असतं. कोणीतरी म्हटलं असतं, मी पाणी घातलंय बरं का. पण या घरात केलेलं काम बोलून दाखवायची पद्धत नव्हती. ती सासूबाईंनी मोडून काढली होती. 'मी भांडी घासली' असं कोणी म्हटलं की त्या म्हणायच्या, 'बरं, मग वाजंत्री बोलावू का?' तेव्हापासून या घरातले दिवे आपोआप बदलले जात, गळका नळ आपोआप दुरुस्त होई आणि कोणी केलं हे कोणी विचारत नसे. वहिनीलाही सकाळी माती ओली लागायची. तिला वाटायचं दव असेल. पाइपाचं वेटोळं उलटं पडलेलं तिला दोनदा दिसलं होतं. तिने ते सरळ केलं आणि विषय सोडून दिला.

पण वहिनीला हसू आलं नाही. बाग गेल्याचं दुःख तिला सकाळपासून होतंच, त्याची एव्हाना सवय झाली होती. हे निराळं होतं. ते वाक्य तिचं नव्हतं. तेच मनगट धरणं, तेच हळू बोलणं, त्यांना वाईट वाटेल, हे सगळं आप्पांनी चौघांना वाटून दिलं होतं, आणि ती ते एकटीचं म्हणून जपत बसली होती. तिला लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त रागच आला.

"असं का केलंत, आप्पा?" तिने विचारलं.

आप्पांनी तळहातावरची माती खाली टाकली. "पंपघरात एका माणसाच्या भरवशावर पाणी सोडत नाहीत," ते म्हणाले. "एक झोपला तर दुसरा जागा हवा."

"पंपघरात दुसरा आहे हे पहिल्याला माहीत असतं."

आप्पांनी हात चोळले, पण चिखल निघेना. वहिनीने रुमाल पुढे केला नाही. हे तिच्या स्वतःच्याच लक्षात आलं.

"माहीत असलं की माणूस ढिला पडतो," आप्पा म्हणाले. "दुसरा करेल म्हणतो. मला वाटलं, चौघांतला एक तरी आठवण ठेवेल." मग हळूच म्हणाले, "चौघांनीही ठेवली. हे काही मी हिशेबात धरलं नव्हतं."

"म्हणजे आमच्यातल्या कोणावरच भरवसा नव्हता," धाकटा म्हणाला. या वेळी त्याच्या बोलण्यात ना ब्रेक होता ना क्लच.

"नव्हता."

ताईने पर्स उचलली. तिला लागलं होतं, ते दिसत होतं, पण ती सावरली. "ठीक आहे. झालं ते झालं. आप्पा, बाग तर गेली. तुम्हीच म्हणाला होतात. चला, ऊन चढायच्या आत निघू. पिशवी गाडीतच आहे."

आप्पांनी पुन्हा एकदा बागेकडे बघितलं, पार शेवटच्या वाफ्यापर्यंत. मग वॉकरकडे हात केला. "चल," ते म्हणाले.

थोरल्याने वॉकर पुढे आणला. धाकट्याने खुर्ची धरली. बघता बघता सगळे कामाला लागले होते. आपापल्या अपराधातून सुटायला हातांना काम मिळालं, याचं तिघांनाही बरं वाटत असावं. आणि वहिनीला दिसलं, की हे आता असंच होऊन जाणार आहे. कोणी काही बोलणार नाही. आप्पा गाडीत बसतील, लिफ्टने वर जातील, आणि उद्यापासून या घरात सकाळी 'आज काय तोडू' हे विचारायला कोणी उरणार नाही. तिला अजून त्यांचा राग होता. आणि तरीही ते हवे होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि त्यातली एकही तिने आजवर कोणाला सांगितलेली नव्हती.

"आप्पा, जाऊ नका," ती म्हणाली.

आप्पा अर्धे उठले होते, ते तसेच थांबले.

"मला तुम्ही या घरात हवे आहात. बाग असली तरी, नसली तरी. मला तुमचा राग आलाय, तो आठ-पंधरा दिवस राहील. पण तुम्ही गेलात तर मला इथे करमणार नाही." तिने बाकीच्या तिघांकडे वळून बघितलं. "हे मी सगळ्यांसमोर सांगते. एकेकट्याला सांगितलं की काय होतं, ते समोर दिसतंच आहे."

या घरात असं कोणी बोलत नसे. ताई पायरीकडे बघू लागली. थोरल्याने वॉकर सोडून दिला आणि दोन पावलं बायकोच्या जवळ येऊन उभा राहिला. तेवढ्या अंतरासाठी ती नंतर कित्येक वर्षं त्याचे पुष्कळ अपराध पोटात घालणार होती.

आप्पा खुर्चीत पुन्हा बसले. मग बोलले ते भलतंच.

"तुझी सासू असताना पाणी तीच घालायची. दोन झाऱ्या, मीच ठरवून दिलेल्या. ती आत गेली की मी मागून आणखी एक घालायचो."

"का?" ताईने विचारलं.

"भरवसा नव्हता." ते हे अगदी साधेपणाने म्हणाले. "कितीतरी वर्षं. तिला कळू न देता. मग ती गेली. मी एकटाच घालायला लागलो. तिच्या दोन, माझी एक, मिळून तीन झाऱ्या. बाग तेवढ्यावर पोसलेली होती, असा माझा हिशेब. महिन्याच्या आत मुळं कुजली. हा असाच वास होता."

"त्या वर्षी?" थोरला म्हणाला. "आम्हाला वाटलं, आई गेली म्हणून तुम्ही लक्ष दिलं नाही."

"लक्ष दिलं होतं. तीन झाऱ्या दिलं होतं." आप्पांनी चिखलाने भरलेल्या बोटांनी चष्मा सारखा केला. काचेवर एक डाग उमटला. "तेव्हा कळलं. ती एकच घालत होती. मी मागून येतो हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. बोलली कधी नाही. माझी एक झारी ती रोज शिल्लक ठेवायची."

आपल्या आईबद्दल सगळं माहीत आहे अशी तिन्ही भावंडांची समजूत होती. ती आता तिघांनाही बाजूला सारावी लागली. ताईने डोळे पुसले आणि ते लपवलं नाही.

"मला तसं जमणार नाही," वहिनी म्हणाली. "मी काही सासूबाई नाही. मला न बोलता ओळखता येत नाही. एक झारी मी घालीन, एक तुम्ही घाला. पण सांगून."

"मला झारी उचलत नाही आता."

"अर्धी भरून देईन. दोनदा उचला."

"खुब्याच्या दृष्टीने अर्धी झारी चालेल," ताई म्हणाली. ती हे का म्हणाली, हे तिचं तिलाही कळलं नसावं. लगेच तिने आवाज चढवला. "पण पायरीला दांडा बसवायचा. आणि व्यायाम रोज झालाच पाहिजे, मी फोन करून विचारणार. आणि आप्पा, तुमचं नक्की काय ते आत्ता सांगा. राहताय की येताय? मला पिशवीचं कळू दे."

सगळे आप्पांकडे बघू लागले. घराचा कुठलाही निर्णय असला की सगळ्यांनी त्यांच्याकडे बघायचं आणि त्यांनी कोणा एकाला आत बोलावून सांगायचं, असंच आजवर चालत आलं होतं. धाकटा तर सवयीने दारातून बाजूलाही झाला, आत जायला वाट मोकळी राहावी म्हणून.

आप्पा जागचे हलले नाहीत.

"तिला विचार," ते म्हणाले, आणि त्यांनी वहिनीकडे बोट केलं.

ताईने वहिनीकडे बघितलं. भावांनीही बघितलं. इतक्या वर्षांत त्या घरात वहिनीला पुष्कळ गोष्टी सांगण्यात आल्या होत्या, काही विश्वासाने, काही हळू आवाजात. असं चौघांसमोर तिला कोणी काही विचारलं नव्हतं. उत्तर तयार नसेल अशी तिला भीती वाटली, पण ते तयारच होतं.

"राहतील," वहिनी म्हणाली.